तान्ह्याचे रडणे आणि मध्यकर्णाचा संसर्ग

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने बालरोग आणि कान-नाक-घसा या विभागांच्या वतीने सादर केलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वार्षिक सभेत एखाद्या आरोग्यविषयावर चार शब्द बोलावेत, ही विश्वस्त मंडळाची सूचना आम्ही आनंदाने स्वीकारली. आमच्या बाह्यरुग्ण कक्षात पावसाळ्यात आणि थंडीच्या दिवसांत पुन्हा पुन्हा दिसणारा एक साधा आजार आम्ही त्यासाठी मुद्दाम निवडला आहे. लहान मुलांच्या मध्यकर्णाचा संसर्ग, म्हणजेच घरोघरी ज्याला ‘कान ठणकणे’ किंवा ‘कान फुटणे’ म्हणतात तो. वेळीच ओळखला तर तो बहुधा काही दिवसांत बरा होतो. दुर्लक्ष झाले, तर मुलाच्या ऐकण्यावर, आणि त्यायोगे बोलण्यावर व शिकण्यावर, त्याची छाया दीर्घकाळ राहू शकते. अडचण अशी, की ज्याला तो सर्वाधिक होतो त्याला तो सांगता येत नाही. सहा महिने ते दोन वर्षे हे या आजाराचे मुख्य वय. या वयाचे मूल फक्त रडते. त्या रडण्याचा अर्थ लावण्याचे काम घरातील मोठ्यांनाच करावे लागते.

कानाची रचना

कानाचे तीन भाग असतात. बाहेरून दिसणारी पाळी व तिच्या आतील नळी म्हणजे बाह्यकर्ण. नळीच्या शेवटी पडदा, आणि पडद्यापलीकडे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी, ती मध्यकर्ण. या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन इवलीशी हाडे आहेत; त्यांतील रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. पडद्याची कंपने ही हाडे आंतरकर्णाकडे पोहोचवितात आणि आपणांस ऐकू येते.

मध्यकर्णातील हवा खेळती राहावी म्हणून तेथून नाकाच्या मागील बाजूस उघडणारी एक नलिका निसर्गाने दिली आहे. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते. घाट उतरताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळताच मोकळे होतात, ते हिच्यामुळेच.

प्रौढ माणसात ही नलिका सुमारे ३५ मिलिमीटर लांब आणि बरीच तिरपी असते. बाळात तिची लांबी त्याच्या निम्म्याच्या आसपास असते आणि ती जवळजवळ आडवी असते. त्यामुळे नाक-घशातील जंतू सहज कानापर्यंत जातात आणि मध्यकर्णातील स्राव मात्र सहज खाली उतरत नाही. त्यात सर्दीने नलिकेचे अस्तर सुजले, किंवा नाकामागील अॅडिनॉइड ही ग्रंथी वाढलेली असली, की तोंड बंद झालेल्या खोलीसारखी मध्यकर्णाची अवस्था होते. आत द्रव साचतो, जंतू वाढतात, पू होतो आणि पडद्यावर आतून दाब येतो. ठणका लागतो तो या दाबामुळे. मूल वाढते तशी नलिका लांब व तिरपी होते, म्हणून सहा-सात वर्षांनंतर हा आजार आपोआप कमी होत जातो.

घरच्या घरी ओळखण्याच्या खुणा

पहिली खूण म्हणजे सर्दीनंतरचे वळण. तीन-चार दिवस नाक वाहत असलेले मूल बरे होऊ लागले असे वाटते आणि अचानक ताप येतो व चिडचिड वाढते. सर्दीच्या मागोमाग आलेला असा ताप दिसला की कानाची आठवण ठेवावी.

दुसरी खूण रात्रीची. आडवे झोपविल्यावर कानातील दाब अधिक जाणवतो. मांडीवर किंवा खांद्यावर उभे धरले की मूल काहीसे शांत होते आणि पाळण्यात ठेवताच किंचाळून उठते.

तिसरी खूण दूध पिताना दिसते. भुकेले बाळ स्तनाला किंवा वाटीला उत्सुकतेने तोंड लावते, दोन-चार घोट घेते आणि एकदम तोंड काढून रडू लागते. चोखताना व गिळताना मध्यकर्णातील दाब बदलतो व कळ येते. भूक आहे पण पिता येत नाही, ही अवस्था जाणत्या आईच्या लगेच ध्यानात येते.

चौथी खूण कानाकडे जाणारा हात. मूल कान ओढते, चोळते, डोके एका बाजूस घासते. मात्र केवळ कान ओढणे यावरून निदान करू नये. झोप आली, कंटाळा आला किंवा नुकताच कानाचा शोध लागला, तरी बाळे कान ओढतात. ताप, रडणे व झोपमोड यांची जोड असेल तरच या खुणेला वजन येते.

काही मुलांना कानाच्या दुखण्यात उलट्या किंवा पातळ शौच होते आणि सर्वांचे लक्ष पोटाकडे जाते. नुकतेच चालू लागलेले मूल तोल जाऊन वारंवार पडू लागते. हाक मारली असता नेहमीसारखे वळून पाहत नाही. दोन-अडीच वर्षांचे मूल ‘बाऊ’ म्हणून गालाकडे किंवा डोक्याकडे बोट दाखविते, कारण दुखते नेमके कोठे हे त्यालाही कळत नाही.

आणखी एक खूण फसवी आहे. रात्रभर आकांत करणारे बाळ पहाटे एकाएकी शांत झोपते. घरच्यांना हायसे वाटते. सकाळी उशीवर पिवळसर, क्वचित रक्तमिश्रित डाग दिसतो. दाबाने पडद्यास छिद्र पडून पू बाहेर आल्यामुळे ठणका थांबलेला असतो. आजार मात्र आत शिल्लक असतो. असे छिद्र बहुतेक वेळा योग्य उपचाराने आपोआप भरून येते. तथापि ते भरले की नाही हे डॉक्टरांनी पाहणे आवश्यक आहे. ‘दुखायचे थांबले, आता कशाला दाखवायचे’ हा विचार येथे महागात पडतो.

दातांचे निमित्त आणि इतर गैरसमज

मध्यकर्णाच्या संसर्गाचे वय आणि दात येण्याचे वय एकच. त्यामुळे ‘दात येताहेत, म्हणून किरकिरते’ असे सहज म्हटले जाते. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल थोडे चिडचिडे होते. परंतु १०१-१०२ अंश फॅरनहाइट ताप आणि रात्रभराचे रडणे दातांच्या माथी मारू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी दृष्ट काढली तर त्यास आमचा विरोध नाही. मीठ-मोहरी ओवाळून झाल्यावर त्याच दिवशी मूल डॉक्टरांना दाखवावे, एवढीच विनंती.

कानात तेल सोडण्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. न्हाऊमाखू घालताना बाळाच्या कानात व नाकात तेल घालण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. कान दुखला की लसूण कढविलेले कोमट तेल घातले जाते. यामागची माया आम्ही जाणतो. परंतु पडद्यास छिद्र असेल तर हे तेल जंतूंसह थेट मध्यकर्णात जाते. छिद्र नसेल तर पडद्यापलीकडच्या पुवावर त्याचा काही परिणाम होत नाही. तेल अंदाजापेक्षा गरम असेल तर भाजण्याचा धोका वेगळाच. नाकात घातलेले तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मालिश अवश्य करावी. ती कान व नाक वगळून करावी.

पिन, काडी, कापसाचा बोळा गुंडाळलेली काडी यांपैकी काहीही कानात घालू नये. कानातील मळ हा शत्रू नव्हे. तो कानाच्या कातडीचे रक्षण करतो आणि बहुधा आपोआप बाहेर येतो. मागील वेळची उरलेली औषधे, शेजारच्या मुलाचे थेंब, औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले प्रतिजैविक, हेही टाळावे. काही कर्णबिंदूंतील औषधे फाटलेल्या पडद्यातून आत गेल्यास आंतरकर्णास अपाय करू शकतात. सर्दीच्या सरबतांनी हा संसर्ग टळत वा बरा होत नाही. क्लोरफेनिरामिन व फिनाइलेफ्रिन हे प्रचलित मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले होते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

कान दुखण्याची सर्वच कारणे मध्यकर्णात नसतात. पाळी ओढली किंवा कानापुढील उंचवटा दाबला असता मूल कळवळले, तर बाहेरील नळीत फोड वा दाह असण्याचा संभव असतो. एकाच कानातून घाण वास येणारा स्राव असेल, तर आत मणी, चिंचोका किंवा हरभरा अडकलेला असू शकतो. अशा वेळी पाणी घालू नये. कडधान्य फुगते आणि काढणे अवघड होते.

डॉक्टर काय पाहतात

खुणांवरून संशय घेता येतो, निश्चित निदान मात्र पडदा पाहिल्यावरच होते. त्यासाठी ऑटोस्कोप हे दिवा व भिंग बसविलेले हाती धरण्याचे छोटे उपकरण वापरतात. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा, अर्धपारदर्शक दिसतो. संसर्गात तो बाहेरच्या बाजूस फुगलेला, लाल किंवा पिवळसर व अपारदर्शक होतो. रडल्यानेही पडदा लाल होतो. म्हणून नुसत्या लालीपेक्षा फुगीरपणाला निदानात अधिक महत्त्व आहे.

या तपासणीत पालकांची मदत फार मोलाची असते. मुलास मांडीवर आडवे बसवून त्याचे डोके आपल्या छातीशी टेकवावे. एका हाताने त्याचे दोन्ही हात वेढून घ्यावेत, दुसऱ्या हाताने कपाळ स्थिर धरावे. मूल अर्ध्या मिनिटापुरते रडेल, पण हलणार नाही आणि त्यास इजा होणार नाही. सर्दी-तापाच्या मुलास दाखविताना ‘डॉक्टर, कानही पाहता का?’ असे विचारण्यास संकोच करू नये.

उपचार आणि धीर

उपचाराची पहिली पायरी म्हणजे वेदना शमविणे. मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये.

प्रत्येक मुलास प्रतिजैविक लागतेच असे नाही. या विषयावरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा असे दर्शवितो की, औषध दिले वा न दिले तरी २४ तासांत सुमारे ६० टक्के मुलांचे दुखणे थांबते. दोन वर्षांवरील मूल, सौम्य दुखणे, कमी ताप आणि कान वाहत नसेल, तर डॉक्टर ४८ ते ७२ तास वाट पाहण्याचा सल्ला देऊ शकतात. त्याचा अर्थ टाळाटाळ असा घेऊ नये; अनावश्यक प्रतिजैविकांनी जंतू निर्ढावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध निकामी ठरते. वाट पाहण्याच्या काळात दुखणे वाढले, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता पुन्हा यावे. सहा महिन्यांखालील बाळ, दोन वर्षांखालील मुलाचे दोन्ही कान, वाहता कान, १०२ अंशांहून अधिक ताप किंवा दोन दिवसांहून अधिक काळ ठणका, अशा स्थितीत प्रतिजैविक सुरू करणे योग्य ठरते. सुरू केलेले औषध, मूल हसू-खेळू लागले तरी, सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण करावे.

कान वाहत असेल तर स्वच्छ, मऊ, सुती कापडाची वात वळून ती कानाच्या तोंडाशी अलगद ठेवावी, ओली झाली की टाकून द्यावी आणि कान कोरडा होईपर्यंत नवी वात लावावी. दिवसातून किमान तीन वेळा असे करावे. अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि नंतर काढून टाकावा.

पुढील लक्षणे दिसल्यास रात्र असो वा सण, तत्काळ रुग्णालय गाठावे: कानामागे लाल, दुखरी सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी दिसणे, मान ताठ होणे, सतत उलट्या, झटके, मूल सुस्त पडून न जागणे, तीन महिन्यांखालील बाळास कोणताही ताप. संसर्ग हाडात किंवा मेंदूच्या आवरणाकडे पसरत असल्याच्या या सूचना असू शकतात.

न दुखणारा कान

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. ताप उतरला, ठणका गेला, तरी मध्यकर्णातील द्रव लगेच जात नाही. एक महिन्यानंतर सुमारे ४० टक्के आणि तीन महिन्यांनंतरही १० ते २५ टक्के मुलांच्या कानात तो आढळतो. तो दुखत नाही, ताप देत नाही, दिसतही नाही. मात्र ऐकणे सरासरी २५ ते ३० डेसिबलने मंदावते, आणि कुजबूज साधारण ३० डेसिबलचीच असते. असे मूल बहिरे नसते. कानावर उशी दाबून ऐकावे तसे त्याला ऐकू येते.

बालवाडीत जाणारी अशी मुले आमच्याकडे ‘लक्ष देत नाही’, ‘हट्टी आहे’, ‘उशिरा बोलायला लागला’, ‘दूरदर्शनचा आवाज मोठा करून बसते’ अशा तक्रारींनी येतात. एका चार वर्षांच्या मुलीस तिच्या आजी आमच्याकडे घेऊन आल्या, त्या निराळ्याच कारणासाठी. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “समोर बसून गोष्ट सांगितली तर सगळी ऐकते, पाठीमागून हाक मारली तर ढिम्म हलत नाही.” या एका वाक्याने तपासणीची दिशा ठरली. दोन्ही कानांत घट्ट द्रव होता. मुलगी हट्टी नव्हती. तोंडाकडे पाहून ती शब्द जुळवीत होती. रागे भरण्यापूर्वी कान तपासावा, हा धडा त्या आजींमुळे आमच्या विभागात सर्वांना पाठ झाला आहे.

बहुतेक मुलांत हा द्रव आपोआप आटतो. तीन महिन्यांनंतरही तो राहिला तर श्रवणचाचणी करावी, आणि गरज भासल्यास पडद्यात ग्रोमेट ही सूक्ष्म नळी बसवून हवेची वाट मोकळी करता येते. म्हणून कान बरा झाल्यावरची पुनर्तपासणी कधीही चुकवू नये.

दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहणारा कान ही आणखी गंभीर बाब. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जुनाट वाहत्या कानाचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक असलेल्या प्रदेशांत भारताचा समावेश होता. ‘आमच्याकडे सर्वांचेच कान लहानपणी फुटत’ असे सांगणाऱ्या कुटुंबांत ऐकू कमी येणारी माणसेही बहुधा असतात. या दोहोंचा संबंध ओळखला पाहिजे.

टाळता येण्याजोगे पुष्कळ

पहिले सहा महिने केवळ स्तनपान हे कानाचेही उत्तम संरक्षण आहे. पाजताना बाळाचे डोके उंच असावे. आडवे निजवून बाटलीने दूध देऊ नये. घरात विडी-सिगारेट ओढू नये. चुलीचा धूर आणि न्हाणे झाल्यावर दिली जाणारी धुरी बाळापासून दूर ठेवावी. हात धुवावेत, सर्दी झालेल्याने बाळाचे मुके घेऊ नयेत.

कानाच्या संसर्गास कारणीभूत होणाऱ्या जंतूंमध्ये न्यूमोकोकस प्रमुख आहे. त्याविरुद्धची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर सार्वत्रिक लसीकरणात आली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत ती शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळते. ही लस मुख्यतः न्यूमोनिया व मेंदूज्वरासाठी असली, तरी कानाच्या काही संसर्गांपासूनही ती वाचविते. त्याचप्रमाणे फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या ज्या आजारांची तपासणी होते, त्यांत मध्यकर्णदाह आहे. अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

समारोप

देणगीदार महोदयांस येथे एक गोष्ट निवेदन करावीशी वाटते. या आजारासाठी लागणारी साधने फार खर्चिक नाहीत. एक चांगला ऑटोस्कोप, एक शांत श्रवणचाचणी कक्ष, आणि रडणाऱ्या मुलाजवळ दहा मिनिटे थांबू शकणारा प्रशिक्षित कर्मचारी, एवढ्यावर पुष्कळ काम होते. या कक्षातून परतणारे मूल कोणत्याही छायाचित्रात वेगळे दिसत नाही. त्याच्या पायाला पट्टी नसते, छातीवर टाके नसतात. ते फक्त हाक मारल्यावर वळून पाहते. आपल्या साहाय्याचे हे फळ अहवालातील आकड्यांत सहज दिसणारे नाही, म्हणून येथे आवर्जून सांगितले.

पालकांस विनंती एवढीच: सर्दीनंतर ताप आला, मूल रात्री झोपेना, दूध तोंडात घेऊन रडू लागले, तर कानाचा विचार करावा. कानात काही घालू नये, चोवीस तासांत दाखवावे, आणि बरे वाटल्यावर पुन्हा एकदा यावे. भाषा शिकण्याची पहिली तीन वर्षे परत मिळत नाहीत. त्या काळात आईची अंगाई, आजीची गोष्ट आणि घरातील हाक मुलाच्या कानी स्पष्ट पडावी, यासाठी आपण सर्व मिळून जागरूक राहू या.